घरातल्या आईला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात प्रश्नांना तोटा नाही. थोरली बारा वर्षांची, धाकटा नुकताच सहा पूर्ण केलेला, आणि त्यांचा बाबा. तिघांचे मिळून दिवसाला किती प्रश्न येतात ते एकदा कागदावर रेघा मारत मोजायला बसले. सकाळी अकरापर्यंत बेचाळीस झाले. त्रेचाळिसावा ‘आई, तू रेघा का मारतेयस?’ असा आला आणि तिथेच मोजणी सुटली. शिवाय मैत्रिणी आहेत, आणि नुकतीच आई झालेली मावसबहीण आहे, ती रात्री दोनला मेसेज करते. उत्तरं बहुतेक तीच तीच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. जिथे कुतूहल वाटलं तिथे वाचलं आणि विचारलं, बाकी माझी मतं.

आई, माझा दुसरा मोजा कुठाय?

जिथे काढलास तिथेच. दहापैकी सहा वेळा हे उत्तर बरोबर निघतं. उरलेल्या वेळांसाठी जागा ठरलेल्या आहेत: पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशिनच्या दाराच्या रबराची घडी, उशीच्या अभ्र्याचा आतला कोपरा (धुताना लहान कपडे मोठ्यांच्या पोटात शिरतात), पलंग आणि भिंत यांमधली फट, आणि उलट्या काढलेल्या पँटचा पाय.

‘शोधलास का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं. आमच्याकडे शोधणं म्हणजे खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा गोल फिरणं. वाकणं, उचलणं, खाली बघणं हे त्यात धरत नाहीत. ते माझ्या वाट्याचं.

जोडीदार हरवलेल्या मोज्यांसाठी एक टोपली ठेवली आहे. आत्ता तिच्यात अकरा आहेत. सगळे एकाच रंगाचे घ्यावेत ही अक्कल मला फार उशिरा सुचली आणि थोरलीने ती तिथल्या तिथे फेटाळली.

दिवसभर घरी असतेस, मग करतेस तरी काय?

हा प्रश्न बाहेरचेच विचारतात असं नाही. संध्याकाळी ओटा पुसताना मीही स्वतःला विचारते, कारण सकाळी जसं होतं तसंच घर संध्याकाळी दिसतं. घरकामाची गोची हीच आहे. केलं तर दिसत नाही, राहिलं तर लगेच दिसतं. पाण्याची बाटली भरून ठेवली तर कोणी ‘वा, बाटली भरलेली आहे’ असं म्हणत नाही. रिकामी असली की म्हणतात.

एका सकाळचे दहा ते अकरा मी नीट टिपून ठेवले होते. मशिन लावायला निघाले. कपड्यांचे खिसे तपासले, एका खिशात पेन्सिलला टोक काढल्यावर पडतो तो भुगा. तो टाकायला गेले तर कचऱ्याचा डबा भरलेला. पिशवी बांधली, नवी पिशवी घ्यायला कपाट उघडलं, तर शेवटचीच उरलेली. यादीत लिहायला पेन शोधलं, पेन मुलीच्या टेबलावर, टेबलावर सही राहिलेला शाळेचा कागद, आणि त्याची मुदत आजचीच. सही केली, फोटो काढून पाठवला. परत येताना धाकट्याच्या पायाला काहीतरी चिकटलंय असं दिसलं. ते काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण लादी पुसावी लागली. अकरा वाजता कोणी विचारलं असतं की एवढ्या तासात काय केलंस, तर खरं उत्तर ‘मशिन लावायचं राहिलं’ हे होतं.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग करून असं मांडलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही. मला मात्र कोणी विचारत असेल तर माझ्या डोक्यात कुठल्याही क्षणी पंधराएक अर्धी कामं पाय हलवत बसलेली असतात.

आकडे हवे असतील तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे. बिनपगारी घरकाम आणि सांभाळाची कामं जगभर मिळून बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. हा आकडा मी घरात वाचून दाखवला तेव्हा धाकट्याने विचारलं, ‘आणि मुलं?’ मुलांचा रकाना त्यात नव्हता.

बाबा मदत करतात का?

करतो. मनापासून करतो. पण ‘मदत’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

‘काय करू ते सांग, मी करतो’ हे वाक्य चांगल्या हेतूचं आहे, यात शंका नाही. पण सांगायला आधी ते दिसावं लागतं, आणि दिसणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये हे फार नेमकं मांडलं. घर चालवायला जे डोकं लागतं त्याचे त्यांनी चार टप्पे केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि मग ते झालं का यावर लक्ष ठेवणं. ठरवताना दोघंही हजर असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक बाईकडे.

आमच्या घरचं उदाहरण बुटांचं. धाकटा जिन्यावरून उतरताना पावलं जरा आत वळवून टाकतोय असं मला एका आठवड्यात तीनदा दिसलं. अंगठ्याशी दाबून बघितलं, बूट घट्ट. मग कुठले घ्यायचे ते बघितलं. त्यानंतर शनिवारी आम्ही चौघं गेलो, बाबाने मुलाला मांडीवर बसवून चार जोड घालून पाहिले, हसत हसत एक घेतला. घरी आल्यावर मुलगा सगळ्यांना सांगत होता, ‘बाबाने मला बूट घेतले.’ खरंच घेतले होते. मी काही बोलले नाही. तीन दिवसांनी नव्या बुटाने टाच सोलली का ते मात्र मी बघितलं.

आता आमच्यात एक करार आहे. काही विषय पूर्ण त्याचे: दात, नखं, वाचनालयाची पुस्तकं. पूर्ण म्हणजे लक्षात ठेवण्यासकट. पहिले दोन महिने पुस्तकांना दंड बसला. मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं सगळ्यात अवघड होतं. आता बसत नाही.

दूध नेमकं पाठ वळल्यावरच उतू का जातं?

कारण पाठ वळेपर्यंत काहीच घडत नाही. दूध बराच वेळ नुसतं तापत असतं. वर साय धरते, म्हणजे प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून एक पातळ पडदा तयार होतो. तळाशी वाफेचे बुडबुडे होऊ लागतात आणि पडद्याखाली अडकतात. पाण्याचे बुडबुडे वर येऊन फुटतात, दुधाचे फुटत नाहीत, कारण प्रथिनांचा थर त्यांना धरून ठेवतो. मग एकदम सगळा फेस पडदा घेऊन वर चढतो. नुसती वाट बघण्यात दहा मिनिटं जातात आणि ओट्यावर येण्यात दहा सेकंद. त्या दहा मिनिटांत कोणतीही शहाणी बाई दुसरं काहीतरी करायला वळतेच.

रुंद पातेलं घ्या, फेसाला पसरायला जागा मिळते. पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला तर बुडबुडे त्यावर आपटून फुटतात, पण थोडा वेळच. हा उपाय तुम्हाला धावत येण्यापुरती सवलत देतो, सुट्टी देत नाही. उतू गेलंच तर ओटा गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसा. वाळलं की खरवडावं लागतं.

तू बघितलं पण नाहीस, मग तुला कसं कळलं?

हा प्रश्न धाकट्याचा, आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रार जास्त असते.

आवाजावरून. घरातला प्रत्येक आवाज मला ओळखीचा आहे. स्वयंपाकघरातला वरचा खण उघडताना आधी अडतो, मग सुटतो. खुर्ची ओढल्याचा आवाज जेवणाच्या टेबलाकडे थांबला तर ठीक, पुढे कपाटाकडे गेला तर कोणीतरी वर चढणार. स्केचपेनचं टोपण ‘टक’ करतं. कागद असेल तर पुढे खसखस ऐकू येते. टोपणानंतर काहीच ऐकू आलं नाही तर भिंत.

पण सगळ्यात मोठा आवाज शांततेचा. सहा वर्षांचं मूल जागं असताना चार मिनिटं पूर्ण शांत असेल तर हातातलं ठेवून उठावं. मागे एकदा दुपारी मी ही चार मिनिटं जाऊ दिली. बरं वाटत होतं, पुस्तक वाचत होते. उठून गेले तर हा आरशासमोर स्टुलावर, हातात माझी शिवणाची कात्री, आणि कपाळावरच्या केसांची एक बट बेसिनमध्ये. अगदी मुळापासून. ‘डोळ्यात येत होते,’ म्हणाला. नंतर महिनाभर येण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. कात्री आता वरच्या खणात असते, तो आधी अडतो आणि मग सुटतो.

ही आवाजाची ओळख दोन्ही बाजूंनी असते, हे मला पुढे वाचताना कळलं. डिकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर प्रयोग केला. तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीवर आवाज बदलेल अशी सोय केली. बाळं आपल्या आईचा आवाज ऐकू येईल अशा लयीत चोखायला लागली. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत त्यांनी तो ऐकलेला असतो. म्हणजे माझा ओरडा माझ्या मुलांना जन्माच्या आधीपासून पाठ आहे, आणि तरीही पहिल्या हाकेला ओ येत नाही.

फोन आला की मूल लगेच का बिलगतं?

तान्हं असेल तर कारण वेगळं. साधारण आठव्या महिन्याच्या सुमाराला बाळाला कळू लागतं की डोळ्याआड गेलेली वस्तू असतेच, नाहीशी होत नाही. जीन पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं. त्याच सुमाराला आई खोलीबाहेर गेली की रडू सुरू होतं, कारण ती आहे हे आता कळतं, पण परत कधी येईल हे कळत नाही. रुमालाआडून ‘कुठे गेली? ही बघ!’ हा खेळ त्या वयात बाळाला शंभरदा का लागतो, ते यावरून कळेल.

सहा वर्षांचं असेल तर सरळ हिशोब आहे. मी इथे आहे पण माझं लक्ष दुसरीकडे आहे, ही गोष्ट त्याला मी बाहेर गेल्यापेक्षा जास्त खटकते. आमच्याकडे एक खूण चालते. बोलायचं असेल तर माझ्या मनगटावर हात ठेवायचा, मी त्यावर माझा हात ठेवते, म्हणजे ‘कळलं, येते’. मोठ्या फोनच्या आधी पाच मिनिटं त्याच्याजवळ नुसतं बसलं तर पुढची पंधरा मिळतात. बाथरूमच्या दारावरच्या थापेला मात्र मला आजवर उपाय सापडलेला नाही.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशाला आले तेच आठवत नाही. वय झालं का?

नाही. दाराचा दोष आहे, अगदी खरंच. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर माणसाला हातातली गोष्ट जास्त आठवते, दारातून पलीकडे गेलं की कमी. दार ओलांडलं की मेंदू नवा प्रसंग सुरू झाला असं धरतो आणि आधीचा बाजूला ठेवतो. आईचा दिवस दारांतूनच जातो, त्यात झोप अपुरी.

जिथून निघालात तिथे परत जा, बहुतेक वेळा आठवतं. किंवा निघताना तोंडाने म्हणत जा, ‘कात्री, कात्री, कात्री’. वेड्यासारखं दिसतं. घरात कोण बघतंय? ओळखीच्या वाटा चुकायला लागल्या, रोजची माणसं ओळखू आली नाहीत, तर मात्र दारावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा.

इतक्या स्वच्छ घरात उवा कशा झाल्या?

हा प्रश्न मैत्रिणी आवाज खाली करून विचारतात. त्यांच्यासाठी जरा सविस्तर, कारण या विषयात लाजेपायी फार चुका होतात. मी केल्या आहेत.

उवांना घाण लागत नाही, डोकं लागतं. धुतलेल्या केसांत त्या तितक्याच सुखाने राहतात. त्यांना उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. एका डोक्याचे केस दुसऱ्याला टेकले की त्या चालत जातात, एवढंच. आणि मुलं डोक्याला डोकं लावूनच खेळतात, वाचतात, गुपितं सांगतात. थोरलीला दुसरीत असताना झाल्या तेव्हा मी आधी अख्खं घर धुवून काढलं. चादरी, पडदे, सोफ्याची कव्हरं, अगदी कापडी ससासुद्धा. दोन दिवस त्यात गेले आणि डोकं तसंच राहिलं. पुढे कळलं की माणसाच्या डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. शेवटच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टोप्या आणि कंगवे गरम पाण्यात धुतले असते तरी पुरलं असतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. औषध एकदा लावलं, उवा मेल्या, मी सुटले म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा खाजवणं सुरू. मादी दिवसाला आठेक लिखा घालते, त्या केसाच्या मुळाशी डिंकासारख्या चिकटलेल्या असतात, आणि आठवडा-सव्वा आठवड्यात त्यातून पिल्लं निघतात. बरीच औषधं लिखांच्या आत पोचत नाहीत. म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचं, म्हणजे नवी निघालेली पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी व्हायच्या आत सापडतात. औषध कुठलं आणि कोणत्या वयाला ते डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना विचारा. घरगुती म्हणून रॉकेलच्या वाटेला कधीही जाऊ नका.

खरं काम फणीचं. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचा, त्यात उवांना पळता येत नाही. मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत, एकेक बट घेऊन, आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. तीन-चार दिवसांनी पुन्हा, दोन आठवडे तरी. लांब केसांना तासभर लागतो. थोरली त्या तासात माझ्या गुडघ्यांमध्ये बसून मला वर्गातली सगळी भानगड सांगायची, कोण कोणाशी बोलत नाही इथपासून. तेवढं त्यानंतर तिने मला कधी सांगितलं नाही. उवा परत याव्यात असं अर्थातच म्हणत नाही.

आणि हो, घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. स्वतःचंही. आईचं डोकं बघायला कोणी नसतं म्हणून ते राहून जातं आणि उवा पुन्हा फिरून येतात.

हात लावून ताप कळतो का?

‘नाही’ हे हात बऱ्यापैकी खरं सांगतो, ‘आहे’ म्हणताना वाढवून सांगतो. कपाळ गार लागलं तर बहुतेक ताप नसतो. गरम लागलं तर थर्मामीटर लावा, कारण आपलाच हात गार असेल तर सगळं जगच तापलेलं लागतं.

३८ अंश सेल्सियस आणि त्यापुढे ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एवढ्यावरच डॉक्टर गाठायचे, सकाळची वाट बघायची नाही. मोठ्या मुलात मी आकड्यापेक्षा मुलाकडे बघते. ३९ ताप असून खेळण्यासाठी भांडणारं मूल मला कमी घाबरवतं. ३८ वर मलूल पडलेलं, पाणी न पिणारं, श्वासाला धापणारं मूल असेल तर मी थांबत नाही. पांघरुणात गुंडाळू नका, घाम काढायच्या नादात ताप चढतो. आणि मुलांना ॲस्पिरिन मनाने देऊ नका, त्याने क्वचित पण गंभीर आजार होऊ शकतो.

बाळ रात्रभर कधी झोपेल?

(मावसबहिणीसाठी, रात्री २ वाजून १० मिनिटांनी आलेला.)

नवं बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, फक्त तुकड्यातुकड्यांत. पोट लहान असतं, आणि दिवस-रात्र हा भेदच अजून बसलेला नसतो. तो दोन ते चार महिन्यांत हळूहळू बसतो. दिवसा उजेड आणि घरचे नेहमीचे आवाज असू दे. रात्रीचं पाजणं अंधारात आणि न बोलता. झोपवताना पाठीवर, घट्ट गादीवर, उशी-खेळणी काही न ठेवता. ‘रात्रभर’ म्हणजे सलग पाच-सहा तास, हे आधीच पक्कं कर, म्हणजे शेजारणीचं बाळ ‘रात्रभर झोपतं’ ऐकून जीव जळणार नाही. आणि फोन ठेव, झोप.

धुतलेल्या कपड्यांना कुबट वास का येतो?

ओले राहिले म्हणून. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू या वासामागे आहे, हे २०१२ मध्ये जपानच्या संशोधकांनी दाखवलं. मशिन संपलं की लगेच काढा, दाटीवाटीने वाळत घालू नका, आणि मशिनचं दार उघडं ठेवा. सुगंधी द्रव ओतून वास जात नाही, दोन वास होतात.

कपडे इतक्या लवकर आखूड कसे होतात?

कपडे नाही होत. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. धाकट्याला कुठूनसं कळलं की माणूस सकाळी थोडा जास्त उंच असतो. खरं आहे ते. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि सेंटिमीटरभर फरक पडतो. तेव्हापासून तो उठल्या उठल्या, डोळे चोळत, चौकटीला टेकून उभा राहतो आणि हाक मारतो. थोरली आता स्वतःच मोजते, खूण मात्र करत नाही. तिची शेवटची रेघ मार्चमधली आहे.

तुला कंटाळा येत नाही?

येतो. मुलांचा नाही, तेच तेच उत्तर देण्याचा.

मी चांगली आई आहे का, असं सारखं वाटत राहतं. काय करू?

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आई सुरुवातीला बाळाच्या प्रत्येक गरजेला धावते आणि पुढे हळूहळू थोडी कमी पडत जाते, आणि ते कमी पडणं मुलाला लागतंच. मला त्यातला ‘पुरेशी’ हा शब्द आवडतो. परवा थोरलीच्या सहलीचा दिवस मी विसरले. ती गणवेश घालून गेली, बाकी सगळे रंगीत कपड्यांत. संध्याकाळी फणकारत आली. रात्री तिने स्वतःच्या हाताने भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून काढल्या. अपराधी वाटायचं मला तरीही दोन दिवस वाटलं.

हे प्रश्न कधी थांबतात का?

धाकट्याचे नाही. हे लिहिताना दोनदा उठले.

थोरलीचे कमी होत आलेत. काल मी दूध तापत ठेवून गच्चीत कपडे काढायला गेले. पाऊस येईलसं वाटलं म्हणून घाईने गेले आणि शेजारीण भेटली. बोलता बोलता अचानक दूध आठवलं. जिना धावत उतरले, नाकाला जळका वास येतोय असंही वाटायला लागलं होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. गॅस बंद, ओटा कोरडा, पातेलं बाजूला उतरवलेलं. थोरली तिच्या खोलीत दार लावून गाणी ऐकत होती. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं, तिने मला काही विचारलं नव्हतं.

झाकण मात्र घट्ट लावून ठेवलं होतं. गरम दुधावर ते जरा सरकवून ठेवायचं असतं, नाहीतर वाफेचं पाणी परत दुधात पडतं. ते मी हळूच सरकवलं.